सुताराची लेक आणि इंटिरिअरचे कॉलेज

वाचकाचे पत्र : मी मिरजेत गेली सव्वीस वर्षे फर्निचरची कामे घेतो. माझ्या हाताखाली पाच कारागीर आहेत. धाकटी लेक यंदा बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला इंटिरिअर डिझाइन शिकायचे आहे. पुण्यातील एका कॉलेजात चार वर्षांची पदवी आहे, तिची फी वर्षाला अडीच लाखांच्या घरात जाते आणि राहण्याखाण्याचा खर्च निराळा. इकडे सांगलीत एका संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तिथे कॉम्प्युटरवर थ्रीडी शिकवतात आणि नोकरीची हमी देतात. मला प्रश्न पडतो तो असा की, जे डिझायनर माझ्याकडे चित्रे घेऊन येतात त्यांच्या चुका आम्हीच साइटवर निस्तरतो, मग त्यांच्यासारखे होण्यासाठी दहा-बारा लाख का घालायचे? तीच पोर वर्षभर माझ्या कारखान्यात बसली तर फुकट शिकेल. यावर ती म्हणते, “बाबा, तुम्ही कसं करायचं ते शिकवाल, का करायचं ते नाही.” मला उत्तर सुचले नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना थोडी ओशाळले, कारण ज्यांच्या चुका तुम्ही निस्तरता त्या डिझायनरांपैकी मीही एके काळी होते. आधी निर्णय सांगते आणि मग त्याची कारणे लिहिते. लेकीला पदवीसाठी पाठवा. एक वर्षाच्या डिप्लोम्यासाठी पाठवू नका. मात्र ज्या कॉलेजात चालू कारखाना, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने लाकूड कापण्याची जागा नाही, तिथे तुमचे पैसे घालू नका. आणि प्रवेश मिळून वर्ग सुरू होईपर्यंतचे जे दोन-तीन महिने हाती आहेत, त्यात तिला तुमच्या कारखान्यात बसवाच, कारण ते शिक्षण तिला पुढे कोणतेही कॉलेज देणार नाही.

तुमची तक्रार रास्त आहे हे पटवून द्यायला मला माझेच उदाहरण पुरेसे आहे. माझे पहिले स्वतंत्र काम पुण्यातल्या एका दोन बेडरूमच्या घराचे होते. तिथे कॉलम आणि भिंत यांच्यामध्ये एक खाच होती आणि तिच्यात कपाट बसवायचे होते. मी कमरेच्या उंचीवर एकदा टेप लावला, २१३० मिलिमीटर भरले, दोन्ही बाजूंना मिळून पाच मिलिमीटर सोडले आणि २१२५ चे कपाट कागदावर काढून दिले. मिस्त्रींनी कारखान्यात कपाटाची तीन खोकी तयार करून आणली. दोन बसली आणि तिसरे काही केल्या आत जाईना. मिस्त्री मूळचे राजस्थानचे, कमी बोलणारे. त्यांनी मला काहीही ऐकवले नाही. छताजवळ एक खिळा ठोकून त्याला ओळंबा लावला आणि ते चहा प्यायला निघून गेले. वर भिंतीला टेकलेली दोरी खाली भिंतीपासून बोटभर लांब लोंबत होती. भिंत वरच्या बाजूला अठरा मिलिमीटर आत झुकलेली होती, आणि खाली स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या फरशीने आणखी बारा मिलिमीटर खाल्ले होते. कमरेच्या उंचीवर मात्र सगळे छान होते! त्याच कपाटात शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या मागे मी बाहेर ओढायचे खण दाखवले होते. शटर काटकोनात उघडले तरी बिजागरीमुळे त्याची कड थोडी आतच राहते आणि बाहेर येणारा खण तिच्यावर आपटतो, हे माझ्या गावीही नव्हते. बाजूच्या फळीला आतून पट्टी मारून खण अरुंद करावे लागले, आणि त्या जादा कामाची मजुरी माझ्या फीमधून गेली.

खाचेची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची, खोलीचे दोन्ही कर्ण ताणून ती गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे की नाही ते पाहायचे, आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची, ही गोष्ट तुमच्याकडचा सहा महिन्यांचा पोरगाही सांगेल. मला ती चार वर्षांच्या पदवीत कोणी सांगितली नव्हती. रंगचक्र मात्र घोटून घेतले होते.

इथपर्यंत तुमचे आणि माझे एकमत आहे. यावरून कॉलेजच निरुपयोगी ठरते असे मात्र मला वाटत नाही, आणि लेकीच्या ज्या वाक्याने तुम्ही निरुत्तर झालात त्यातच त्याचे कारण आहे. एक साधी गोष्ट घ्या. स्वयंपाकघराचा ओटा तुम्ही किती उंचीवर घेता? बहुतेक कारागिरांप्रमाणे तुमचेही उत्तर तेहतीस किंवा चौतीस इंच असेल, आणि ते का, असे विचारले तर “तसाच असतो” यापुढे सांगण्यासारखे फारसे काही नसेल. कॉलेजात शरीरमापनाचा जो विषय असतो त्यात मुलांना शिकवतात की, उभ्याने काम करण्याच्या पृष्ठभागाची उंची माणसाच्या कोपरावरून ठरवावी, आणि ओटा कोपराच्या खाली साधारण चार ते सहा इंचांवर असावा. या हिशेबाने चार फूट दहा इंच उंचीच्या आजीला एकतीस-बत्तीस इंचांचा ओटा लागतो आणि साडेपाच फूट उंचीच्या सुनेला छत्तीसच्या आसपासचा. कणीक मळताना खांद्याचा जोर लावावा लागतो, म्हणून ती जागा आणखी खाली असलेली बरी. दोघी एकाच घरात स्वयंपाक करत असतील तर काय करायचे? इथे खरे डिझाइन सुरू होते, कारण आता दोन उंच्यांचा ओटा घ्यायचा, की पोळ्यांसाठी वेगळा बाहेर ओढता येणारा पाट करायचा, की कोण अधिक वेळ उभे राहते ते विचारून त्या व्यक्तीच्या बाजूने कौल द्यायचा, हे ठरवावे लागते. ओटा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला बांधाल यात शंका नाही. परंतु हे प्रश्न विचारण्याची सवय लागायला ती कोणीतरी वर्षानुवर्षे लावून घ्यावी लागते, आणि चांगल्या कॉलेजात नेमके तेच होते.

तसेच उजेडाचे आहे. साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक साडी पसंत करते आणि मग ती हातात घेऊन दुकानाच्या दारात उन्हात जाऊन पाहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दुकानदार त्याला गिऱ्हाइकाचा संशयी स्वभाव म्हणतो. पण दोष त्याच्या दिव्यांचा असतो. दिव्याचा प्रकाश पिवळट आहे की पांढरा, ही एक गोष्ट झाली. त्या प्रकाशात रंग कितपत खरे दिसतात, ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी वेगळा निर्देशांक असतो. स्वस्त दिवे पहिल्या परीक्षेत पास होतात आणि दुसऱ्या परीक्षेत नापास, त्यामुळे डाळिंबी रंग विटकरी दिसतो. व्हीलचेअर पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, हे माहीत असलेली मुलगी आजोबांच्या खोलीचा नकाशा पाहताच पलंग कुठे नको ते सांगू शकेल आणि बाथरूमच्या अडीच फुटी अरुंद दाराकडे बोट दाखवील. आवाज घुमणे, ओल, विजेचा भार, प्लंबिंगचा उतार हे सगळे विषय याच जातीचे आहेत. ते कारखान्याच्या बाहेर घडतात, म्हणून कारखान्यात शिकता येत नाहीत.

तुमच्या मूळ दुखण्याकडे मात्र अधिक बारकाईने पाहू. डिझायनर “चित्रे” घेऊन येतात, असे तुम्ही लिहिले आहे, आणि तो शब्द अचूक आहे. सोफ्यावर ऊन पडले आहे, कोपऱ्यात कुंडी आहे, असे संगणकावरचे रंगीत दृश्य हे ग्राहकाला दाखवण्यासाठी असते. त्यावरून तुम्ही एक फळीही कापू शकत नाही. तुम्हाला हवे असते ते वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे वरून दिसणारा नकाशा, समोरून दिसणारी उभी बाजू, आणि कपाट मधोमध चिरले तर आत काय दिसेल ते दाखवणारा छेद. जिथे दोन वस्तू एकमेकींना भेटतात तिथला तपशील तर मोठा करून, प्रसंगी पूर्ण मापाने काढलेला असला पाहिजे. असे ड्रॉइंग हा एक प्रकारे करारच असतो. त्यावर जे लिहिले आहे त्याची जबाबदारी काढणाऱ्याची, आणि त्याप्रमाणे न झालेल्या कामाची जबाबदारी करणाऱ्याची. हे ड्रॉइंग नसते तेव्हा सगळे तोंडी ठरते, आणि तोंडी ठरलेल्या कामात चूक कोणाचीही असो, पैसे शेवटी कारागिराचे कापले जातात. हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. तुमची लेक जर असे ड्रॉइंग काढायला शिकली, तर तुमच्यासारख्या पन्नास कारागिरांचा ताप वाचेल.

आता एक वर्षाच्या डिप्लोम्याविषयी. त्यात सॉफ्टवेअर शिकवतात, आणि सॉफ्टवेअर वाईट नाही. ऑटोकॅड आणि स्केचअप आल्यावाचून आज कोणत्याही ऑफिसात बसता येत नाही. परंतु ती अवजारे आहेत. रंधा कसा धरायचा हे महिनाभरात येते, पण कोणत्या लाकडावर कोणत्या दिशेने चालवायचा हे यायला किती वर्षे लागली, ते तुम्ही स्वतःला विचारा. वर्षभरात मुलांना सुंदर दृश्ये तयार करता येतात, त्यावर नोकरीही मिळते, आणि मग ती मुले दहा-दहा वर्षे दुसऱ्याच्या डिझाइनची दृश्येच तयार करत राहतात. “नोकरीची हमी” या शब्दांपाशी जरा थांबा. कोणती नोकरी, किती पगाराची, आणि मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत, हे त्या संस्थेला लेखी विचारा. उत्तर लेखी आले नाही, तर तेच उत्तर समजा.

कायद्याची बाजूही समजून घेतलेली बरी. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने “आर्किटेक्ट” ही उपाधी संरक्षित आहे. नोंदणी नसलेल्या माणसाला ती लावता येत नाही. “इंटिरिअर डिझायनर” या उपाधीला असे संरक्षण नाही, त्यामुळे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला माणूसही तशी पाटी लावू शकतो, आणि लावतोच. याचा एक परिणाम असा की, या क्षेत्रात कागदापेक्षा कामाला किंमत आहे. तरीही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असणे गरजेचे आहे, कारण पुढचे शिक्षण, शिकवण्याची नोकरी आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांची दारे तिच्यावाचून उघडत नाहीत. पदवी विद्यापीठ देते की संस्था स्वतःच छापते, एवढे प्रवेशापूर्वी तपासा. लेकीला इमारतीच उभ्या करायच्या असतील, तर तो रस्ता निराळा आहे. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते आणि तिच्या प्रवेशाला नाटासारखी परीक्षा द्यावी लागते. पत्रावरून मला तसे वाटले नाही, पण तिला एकदा विचारा.

हात आणि डोके वेगळे केल्याचा हा घोळ तसा जुना आहे, आणि त्यावरचे उपायही नवे नाहीत. जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली, तेव्हा तिच्या प्रत्येक कारखान्यात विद्यार्थ्यांना दोन गुरू असत, एक कलाकार आणि एक कसबी कारागीर. पुढे पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांसाठी गाजलेला मार्सेल ब्रॉयर तिथल्याच सुतारकामाच्या कारखान्यात शिकला. आपल्या मुंबईत सर जे. जे. कलाशाळेत, जिची सुरुवात १८५७ मध्ये झाली, कारागिरीला पहिल्यापासून जागा होती, आणि अंतर्गत सजावटीचा स्वतंत्र विभाग तिथे आजही आहे. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१ मध्ये उभी राहिली ती कारखान्यांच्या जोरावरच. मुंबई आणि अहमदाबाद, दोन्ही ठिकाणांची चौकशी तुम्ही जरूर करावी. पुण्याचे एकच कॉलेज डोळ्यांपुढे ठेवण्याचे कारण नाही. मुंबई-अहमदाबादला जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी असते, हे मात्र लेकीला आधीच सांगून ठेवा.

तिच्याकडे अशी एक शिदोरी आहे जी तिच्या वर्गातल्या बहुतेकांकडे नसेल. उदाहरण देते. सहा शटर काढायचे आहेत, सात फूट उंचीचे. प्लायची शीट आठ बाय चारची, म्हणजे रुंदीला १२२० मिलिमीटर. डिझायनरने शटरची रुंदी ४०० धरली, तर एका शीटमधून तीन निघतात, करवतीच्या पात्याने दर कापाला खाल्लेले तीन मिलिमीटर आणि कडा साफ करण्याची जागा धरूनही बसतात, आणि सहा शटर दोन शीटमध्ये होतात. त्याने ४१० धरली, तर एका शीटमधून दोनच निघतात आणि तिसरी शीट फोडावी लागते. दहा मिलिमीटरचा फरक कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही, पण बिलात मात्र दिसतो. हा हिशेब तुम्ही लाकूड बघता बघता मनात करता. कॉलेजात खर्चाच्या अंदाजाचा विषय असतो, परंतु तो चौरस फुटाच्या दराने शिकवला जातो, आणि शीट कशी फाडायची यावर तिथे क्वचितच कोणी बोलते. म्हणून या सुट्टीत तिला झाडलोट किंवा हिशेबाची वही देऊ नका. तिच्याकडून कापायची यादी करून घ्या, प्रत्येक शीटवर तुकडे कसे बसवायचे ते कागदावर मांडायला लावा, आणि ती चुकली तर आपल्या पैशाने एखादी शीट वाया जाऊ द्या. दाराला एकाच बाजूने सनमायका लावला तर महिन्याभरात ते कसे वाकते, तेही तिला एकदा डोळ्यांनी पाहू द्या. ज्या मुलीने ते पाहिले आहे, ती आतल्या बाजूचा सनमायका काटकसरीच्या नावाखाली कधीही वगळणार नाही.

प्रवेशपरीक्षेच्या तयारीविषयी थोडे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा तिने दिल्या असतील, तर हात वळलेला असेल आणि त्याचा उपयोग होईल. मात्र डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा बहुधा निरीक्षण पाहतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नदीकाठची झोपडी आता पुरे. रोज एक खरी वस्तू समोर ठेवून काढू द्या. तुमची अवजारांची पेटी, पटाशीची मूठ, एसटी स्टँडवरचे बाकडे आणि त्यावर अवघडून बसलेली माणसे; आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, की ही वस्तू वापरताना माणसाला काय त्रास होतो.

एका अवघड विषयाला हात घालते, कारण तुमच्या लेकीला तो पहिल्याच नोकरीत भेटणार आहे. प्लाय आणि हार्डवेअरच्या दुकानांतून डिझायनरला, कधी मिस्त्रीलाही, जे पाकीट मिळते त्याविषयी अभ्यासक्रमात व्यवसायनीती नावाच्या विषयात एखादे पान असते आणि बाजारात रोज व्यवहार असतो. ग्राहकाला न सांगता घेतलेले पैसे म्हणजे ग्राहकाच्याच खिशातून गेलेले पैसे, असे माझे मत आहे. तुमचे काय आहे ते तुम्ही तिला घरी सांगा, कारण या बाबतीत ती प्राध्यापकांपेक्षा तुमच्याकडे पाहून शिकेल.

सुताराची मुलगी म्हणून तिला कोणी कमी लेखेल का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या सुरातून मला तो प्रश्न ऐकू आला. पहिल्या वर्षी कदाचित लेखतील. दुसऱ्या वर्षी फर्निचरचा विषय सुरू झाला की, वर्गातली अर्धी मुले रात्री अकरा वाजता तिच्या खोलीच्या दारात उभी असतील.

राहता राहिला कॉलेज निवडण्याचा प्रश्न. माहितीपत्रकातली चकचकीत छायाचित्रे बाजूला ठेवा आणि स्वतः जाऊन या, लेकीलाही बरोबर घ्या. सत्र चालू असताना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. कारखान्याच्या दाराला कुलूप असेल, किंवा यंत्रांवर भुसा नसून धूळ असेल, तर काय समजायचे ते तुम्हाला कळेलच. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः साइटवर कामे करतात, हे विचारा. मुलांना चार वर्षांत प्रत्यक्ष ऑफिसात किती महिने काम करावे लागते, हेही विचारा. एक पूर्ण सत्र असेल तर उत्तम. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची रंगीत दृश्ये दाखवायला येतील, ती न पाहता वर्किंग ड्रॉइंगची फाइल मागा, एखादा छेद उघडा, आणि त्यावरून तुम्हाला ती वस्तू कोणालाही फोन न करता बनवता येईल का, ते पाहा. मग मुलांनी स्वतः केलेली एखादी खुर्ची मागून घ्या, ती उलटी करा आणि खालचे सांधे तपासा. त्यांवरून तुम्ही जे ठरवाल, त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.